खिचडीच्या आधीचा तास

पानाच्या उजव्या समासात, खालून चौथ्या ओळीच्या शेजारी, अंगठ्याचा एक पिवळा ठसा होता. हेमांगीने तो पट्टी लावून कधीच मोजला होता. रुंदी चौदा मिलिमीटर, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा अंगठा. ठशाची वरची कड रेखीव होती आणि खालची थोडी फरफटलेली. मुलाने आधी कागद दाबून धरला असणार आणि मग लिहिता लिहिता तो किंचित वर सरकवला असणार. सोळा वर्षांतली बहुतेक बंद खोक्यात गेल्यामुळे रंग टिकला होता. हळद उजेडात लवकर उडते, अंधारात राहते.

ठशाच्या एका कोपऱ्यात बारीक लालसर ठिपका होता. तो हेमांगीने स्वतः पाडलेला. नऊ वर्षांपूर्वी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात काडी बुडवून तिने तिथे एक थेंब टेकवला होता. पिवळ्याचा लाल झाला. हळदीशिवाय दुसरं काही असण्याची शक्यता तिथेच संपली.

तिने कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातला आणि फोल्डर पिशवीत. थोड्या वेळाने पुन्हा बाहेर काढून टेबलावर ठेवलं. सकाळपासून हे तिसऱ्यांदा चाललं होतं. चारच्या गाडीने तिची मुलगी शाल्मली येणार होती.

उद्या समितीपुढे दोघींची साक्ष होती. समितीचं अधिकृत नाव एवढं लांबलचक होतं, की वर्तमानपत्रंही तिला ‘वह्यांची समिती’ म्हणू लागली होती. राज्यातल्या शाळांमधून वह्या जाऊन बारा वर्षं झाली होती. पहिलीपासून प्रत्येक मुलाच्या हाती लॅपटॉप होता आणि त्यात ‘सोबती’. आता काही पालकांनी आणि शिक्षकांनी वह्या परत मागितल्या होत्या. डॉ. हेमांगी कुंभोजकर यांचं मत त्यात निर्णायक ठरणार, असं सगळेच म्हणत होते, कारण सोबतीच्या पोटातला आकडा तिचा होता.

तीन पूर्णांक चार सेकंद.

सोबतीचं काम साधं होतं. मूल लिहीत असताना त्याची बोटं थांबली, की तो मोजायला लागायचा. तीन पूर्णांक चार सेकंदांपर्यंत गप्प राहायचा. तेवढ्यात बोटं हलली नाहीत, तर पडद्यावर फिकट अक्षरांत पुढचा शब्द, नाहीतर अख्खं वाक्य दाखवायचा. पटलं तर एक बटण दाबायचं, की अक्षरं काळी व्हायची. कोणी अडून बसत नव्हतं, कोणी रडत नव्हतं, कोणाचा पेपर अर्धवट राहत नव्हता.

हा आकडा आला गडहिंग्लजच्या पलीकडच्या तळेमाळ नावाच्या गावातून. हेमांगी तेव्हा पस्तिशीची होती. गावच्या शाळेतली तिसरी-चौथीची ऐंशी मुलं तिने निवडली. निम्मी लॅपटॉपवर उत्तरं लिहीत, निम्मी कागदावर. लॅपटॉप प्रत्येक विराम आपोआप नोंदवायचा. कागदवाल्या मुलांसाठी तिने बाकांच्या वर छोटे कॅमेरे टांगले होते. पेन उचललं गेल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचा वेळ ती फिल्म पाहून काढायची. सहा आठवड्यांत सव्वा लाख विराम जमले.

आकडे इतके सुबक निघाले, की तिला दोन रात्री झोप लागली नाही. लॅपटॉपवरचं मूल तीन पूर्णांक चार सेकंदांहून जास्त थांबलं, तर त्या प्रश्नाकडे ते सहसा परतायचंच नाही. सोडून द्यायचं आणि पुढे जायचं. याचा अर्थ तिने असा लावला, की तेवढ्या वेळात मनातला शोध संपतो आणि त्यानंतर मूल विचार करत नाही, नुसतं अडकलेलं असतं. मदत करायची ती नेमकी तिथे. कागदावरची मुलं मात्र नऊ सेकंद थांबत, बारा थांबत, काही तर चाळीस सेकंद खिडकीतून बाहेर बघत बसत आणि मग लिहीत. तिच्या शोधनिबंधात त्यावर एकच ओळ होती: कागदावर वेळेचा अपव्यय अधिक होतो.

त्या ओळीवर पुढे बरंच काही उभं राहिलं.

नऊ वर्षांपूर्वी विद्यापीठातली खोली बदलताना तिने जुनी खोकी घरी आणली. कागद चाळताना पहिला ठसा दिसला. मग दुसरा. चाळीसपैकी सव्वीस मुलांच्या कागदांवर पिवळे डाग होते. तिने आपली जुनी टाचणवही काढली. तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ‘सकाळी लॅपटॉप. बारानंतर लाइट नसते, चार्जिंग टिकत नाही. दुपारी कागद.’

दुसऱ्याच दिवशी ती तळेमाळला गेली. शाळेचं स्वयंपाकघर होतं तिथेच होतं आणि तिथे खिचडी शिजवणारी आक्काताईही. चुलीऐवजी गॅस आला होता, एवढाच फरक.

“या की मॅडम! लई दिसांनी. ती डबडी न्हाई आणली व्हय या टायमाला?”

“नाही आणली. आक्काताई, एक विचारायचं होतं. मी यायचे तेव्हा खिचडीची घंटा किती वाजता व्हायची?”

“बाराला. आता बी बाराच.”

“म्हणजे लॅपटॉपवाली मुलं…”

“उपाशी की वो! तुमी त्यांस्नी अकराला बसवायचा. हिकडं माजी फोडणी पडली, की तिकडं पोरांचं ध्यान उडायचं. पयल्यांदा लिवून उठंल त्याला रांगंत पयला नंबर, आन पयल्या नंबराला खरवड. खरवडीसाठी मारामाऱ्या व्हायच्या हितं. तो सुताराचा पोरगा तर मला सांगायचा, मावशी, येत न्हाई त्यो सवाल सोडायचा आन पळायचं. लई हुशार.” आक्काताई मनापासून हसली. “आन कागदवाली पोरं जेवून डुलत बसायची. त्यांस्नी कशाची घाई?”

पातेल्याच्या तळाला लागलेली, करपट, खमंग खरवड. हेमांगी तिथल्या ओट्यावर बसून राहिली. आक्काताईने तिच्या पुढ्यात ताटली सरकवली आणि तिने ती खाल्लीही. चव चांगली होती.

परतीच्या गाडीत तिने सगळं पुन्हा मांडून पाहिलं. एखादी गोष्ट आठवत नसते, तेव्हा मेंदू रिकामा बसलेला नसतो. तो चाचपडत असतो. एका आठवणीला हात लावतो, ती नव्हे म्हणून सोडतो, शेजारची धरतो. या चाचपडण्यानेच वाट मळते आणि पुढच्या वेळी त्याच वाटेने जाणं सोपं होतं. उत्तर सापडलं नाही तरी शोधल्याचा उपयोग होतो. पण शोध पुरा व्हायच्या आत उत्तर कोणी हातावर ठेवलं, तर वाट तिथेच थांबते. मुलाला उत्तर मिळतं, वाट मिळत नाही. आणि शोधाला किती वेळ लागतो? खिडकीतून बाहेर बघणाऱ्या, पोट भरलेल्या मुलांनी तो तिला सांगितला होता. कागद मधे बोलत नाही, म्हणून त्यांना तो वेळ मिळाला होता. तिने त्याला अपव्यय म्हटलं होतं.

चूक आणखी कोणाच्या लक्षात कशी आली नाही, याचंही उत्तर तिला त्याच प्रवासात मिळालं. नंतरचे सगळे अभ्यास सोबती वापरणाऱ्या मुलांवर झाले होते. ती मुलं तीन पूर्णांक चार सेकंद थांबत, कारण त्यानंतर शब्द येणार हे त्यांना ठाऊक होतं. प्रत्येक नव्या अभ्यासात तोच आकडा निघे. मोजपट्टीने मुलांना आपल्या मापाचं करून घेतलं होतं.

शाल्मली तेव्हा पाचवीत होती. सोबतीच्या पहिल्या तुकडीतली.

घरी पोचल्यावर हेमांगी दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने विद्यापीठाला पत्र लिहायला घेतलं. पहिल्या ओळीनंतर ती थांबली आणि तिच्याच लॅपटॉपने फिकट अक्षरांत पुढची ओळ सुचवली: ‘सोबतीच्या यशाबद्दल आनंद वाटतो.’ तिने झाकण लावलं. पुढच्या आठवड्यात बघू, असं ठरवलं. मग परीक्षा झाल्यावर. मग दहावी होऊ दे तिची. मग नवऱ्याच्या, शिरीषच्या, दुखण्यात दीड वर्ष गेलं आणि त्यानंतर शिरीषही.

दोन वर्षांपूर्वी, त्याला जाऊन तेरा दिवस झाल्यावर, शाल्मलीने नाशिकच्या वसतिगृहात परतताच आईला एक मोठा संदेश पाठवला होता. ‘बाबांची उणीव आयुष्यभर जाणवेल. त्यांनी दिलेले संस्कार हीच आपली शिदोरी.’ हेमांगीने तो वाचला आणि तिला भरून आलं. तासाभरात शिरीषच्या दोन पुतण्यांचे आणि एका भाचीचे संदेश आले. काकांची उणीव, काकांची उणीव, मामांची उणीव. शिदोरी चौघांचीही तीच. हेमांगीने चारी संदेश एकाखाली एक ठेवून फरक मोजला. एकूण तीन शब्द. मग तिने फोन उपडा ठेवला आणि शिरीषच्या खुर्चीकडे बघत बसली. मुलगी रडली असेल का, हे तिला त्या संदेशावरून सांगता येईना. विचारायचा धीरही झाला नाही.

दाराची बेल वाजली. हेमांगीने फोल्डर पिशवीत सरकवलं.

“आई!” शाल्मलीने पाठीवरची बॅग दारातच टाकली. “अगं, किती वाळलीस. जेवतेस ना? जेवतेस, मला माहितीये, ओट्याशी उभी राहून. चहा टाकू? थांब, मीच टाकते, तू साखर विसरतेस.”

ती बोलत बोलत स्वयंपाकघरात गेली, डबे उघडून आत काय आहे ते मोठ्याने सांगितलं आणि स्वतःच त्यावर मत दिलं. हेमांगी दारात उभी राहून ऐकत होती. घरात सहा महिन्यांनी आवाज झाला होता. त्यात आपल्याला शिरायला फट कुठे आहे, ते ती शोधत होती.

कप घेऊन दोघी बसल्या.

“शाल्मली, उद्याच्या आधी तुला एक…” हेमांगी अडखळली. कोणत्या शब्दाने सुरुवात करावी? सांगायचं, की कबूल करायचं? एक, दोन, तीन.

“भाषण ऐकवायचंय? ऐकव. नाहीतर नको, उद्याच ऐकीन. तुझं ते वाक्य मला पाठ आहे. तीन पॉइंट चार सेकंदांनंतर मूल विचार करत नाही, ते अडकलेलं असतं. लहानपणी मला वाटायचं, हा पाढा आहे.”

हेमांगी हसली. मग पुन्हा म्हणाली, “तू पाचवीत होतीस, तेव्हा मी एकदा…”

एक, दोन, तीन.

“तळेमाळला गेली होतीस! आठवतं की मला. येताना काजू आणलेस आणि दोन दिवस बोलली नाहीस. बाबा म्हणाले, आईला ऊन लागलंय.”

“हो,” हेमांगी म्हणाली. “ऊन लागलं होतं.”

समोरून आलेला शब्द उचलणं किती सोपं असतं, हे तिच्या लक्षात आलं. तिनेही आताच ते बटण दाबलं होतं. नऊ वर्षांत असं किती वेळा झालं असेल? ती थांबे, शाल्मली तो विराम भरून टाके आणि हेमांगी सुटकेचा निःश्वास टाके. सगळा दोष आकड्याचा नव्हता. त्याच्या आडोशाला ती स्वतः बसली होती.

“एक गंमत सांगू?” शाल्मलीने बिस्किट चहात बुडवलं. “उद्या हे नाही हं सांगणार मी. आमच्याकडे एक नवे सर आलेत, डिझाइनला. एकदम जुन्या वळणाचे. त्यांनी सगळ्यांचे लॅपटॉप बाहेर ठेवायला लावले आणि एकेक कोरा कागद दिला. म्हणाले, तुम्हाला राहावंसं वाटेल असं घर काढा. बस.”

“मग?”

“मग काय? बसले. चाळीस मिनिटं. आधी वाटलं, आता येईल काहीतरी. येतं ना नेहमी. पण काहीच आलं नाही ग. मी डोळे मिटून आपलं हे घर आठवायला गेले, बाबांची खुर्ची कुठे होती तेसुद्धा नीट दिसेना.” ती हसली, पण बिस्किटाचा तुकडा चहात पडला तो तिने काढला नाही. “शेजारच्या मुलीला विचारलं, तुला सुचतंय का? तिचाही कागद कोराच. बाहेर आल्यावर सगळे हसले. मीही हसले. मला वाटतं सगळ्यांचं असंच असतं. असतं ना?”

हेमांगीने तोंड उघडलं. शाल्मली तिच्याकडे बघत होती.

एक, दोन, तीन.

“असतं,” शाल्मलीने स्वतःच उत्तर दिलं आणि कप उचलून ती विसळायला घेऊन गेली.

सुनावणी सकाळी अकराला होती, नगर वाचनालयाच्या सभागृहात. अकरा वाजता, म्हणजे पुन्हा जेवणाआधीच, असं हेमांगीच्या मनात आलं. शाल्मलीची साक्ष आधी झाली. ती छान बोलली, न अडखळता, हसतमुख. “मी शाळेत कधीच अडले नाही,” ती म्हणाली. टाळ्या पडल्या. वह्यांची मागणी करणाऱ्या पालकांनीही टाळ्या वाजवल्या.

मग हेमांगीचं नाव पुकारलं.

समितीचे अध्यक्ष नलावडे सर निवृत्त मुख्याध्यापक होते. चष्मा कपाळावर चढवून ते म्हणाले, “कुंभोजकर मॅडम, आम्ही सहा महिने ऐकतोय. कोणी म्हणतं कागदाला वास असतो, कोणी म्हणतं दप्तराचं ओझं असतं. माझी बायको म्हणते, वह्यांना कव्हरं घालायला तिच्याकडे वेळ नाही.” सभागृह हसलं. “तुम्ही मोजून बोलणाऱ्या बाई आहात. तेव्हा एका वाक्यात सांगा. लॅपटॉप ठेवायचे, की वह्या आणायच्या?”

साक्षीच्या टेबलावर एक पडदा होता. बोलणाऱ्याचं बोलणं त्यावर उमटत होतं. तिथेही सोबतीच होता. हेमांगीने पिशवीतून फोल्डर काढून पडद्यासमोर ठेवलं.

एक, दोन, तीन. आणि थोडं.

पडद्यावर फिकट अक्षरं उमटली: ‘तीन पूर्णांक चार सेकंदांनंतर मूल विचार करत नाही, ते अडकलेलं असतं.’ तिचंच वाक्य. सोळा वर्षांत तिने ते इतक्या व्यासपीठांवरून म्हटलं होतं, की यंत्राला त्यात शंका नव्हती. नुसतं वाचून दाखवलं असतं तरी चाललं असतं. टाळ्या पडल्या असत्या. शाल्मलीबरोबर ती जेवायला गेली असती, आणि संध्याकाळच्या गाडीत मुलीला बसवून देऊन पुन्हा त्या घरात परतली असती.

ती गप्प राहिली. सात सेकंद. आठ. एका सदस्याने घसा खाकरला. मागच्या रांगेत कोणीतरी कुजबुजलं. पडद्यावरचं वाक्य गेलं आणि दुसरं आलं: ‘लॅपटॉपचे फायदे सिद्ध झालेले आहेत.’ मग तेही पुसट झालं. बारा. तेरा. यंत्राने तिसरं वाक्य दिलं नाही.

“मॅडम, बरं वाटतंय ना?” नलावडे सरांनी विचारलं.

तिसऱ्या रांगेतून शाल्मली अर्धवट उठली. “आई, पाणी देऊ का? तिला उन्हाचा त्रास…”

हेमांगीने हात वर केला. तळवा मुलीच्या दिशेने, वर्गात बाई करतात तसा. शाल्मलीचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. ती उभीच राहिली, ओठ किंचित उघडे. तिचे डोळे आईच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते. हेमांगी तिच्याकडे बघत राहिली. वीस सेकंद. पंचवीस. मुलीने शब्द घातला नाही. आपली वाट पाहणारं तिचं तोंड हेमांगीने आजवर पाहिलंच नव्हतं. ते शिरीषसारखं दिसत होतं.

तिने फोल्डर उघडलं आणि पिवळ्या ठशाचा कागद अध्यक्षांपुढे सरकवला.

“काय ठेवायचं ते तुम्ही सावकाश ठरवा,” ती म्हणाली. “सोबती मात्र आजच बंद करा. तळेमाळची ती मुलं अडली नव्हती, सर. त्यांना भूक लागली होती, आणि मी ते पाहिलं नाही.” एवढं बोलून ती अध्यक्षांकडून वळली आणि उरलेलं तिसऱ्या रांगेकडे बघून म्हणाली, “तू पाचवीत असताना मला हे कळलं, शाल्मली. ऊन लागलं नव्हतं.”